मायनस दीड, प्लस अडीच

"मायनस तीन आणि प्लस एक. मिळून किती?" चौगुले मालकांनी चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरून विचारलं.

मी चाकावरून हात उचलले. कोपरापर्यंत पाणी आणि काचेचा पांढरा गाळ.

"मायनस चार."

"नक्की?"

"तीन आणि एक चारच होतात की. आणि मायनस आहे म्हणून मायनस चार."

खिडकीशी बसलेले इसाकचाचा खोकले. चाचा खोकले की आपलं चुकलं असं समजायचं. मी दुसरं काहीतरी बोलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मायनस दोन."

दारात माझी धाकटी बहीण उभी होती. शरयू. हातात माझा जेवणाचा डबा, मी घरी विसरलेला. तिनं चिठ्ठी बघितलीसुद्धा नव्हती. जाताजाता कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगून टाकावी, तसं ते "मायनस दोन" तिनं सांगून टाकलं होतं.

मालक वळले. "ही कोण?"

"धाकटी," मी म्हटलं. "डबा ठेव आणि जा गं."

"थांब थांब. किती शिकलीस पोरी?"

"बारावी. आत्ताच निकाल लागला."

"पुढं?"

पुढं काही नव्हतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, इस्पितळात वॉर्डबॉय होते. कॉलेजचं नाव काढलं की ते उठून अंगणात जायचे.

"उद्यापासून हिला घेऊन येत जा, गोदा," मालक म्हणाले.

मी डबा घेतला. त्या दिवशीची भाकरी मला गेली नाही.

आता हे वर्कशॉप म्हणजे काय ते सांगते. मिरजेत दवाखाने उदंड, त्यामुळं चष्म्याची दुकानंही उदंड. पण दुकानात चष्मा विकतात, भिंग तिथं होत नाही. भिंग घासायचं, त्याला आकार द्यायचा, फ्रेममध्ये बसवायचं, हे काम मागच्या गल्लीतल्या आमच्यासारख्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये चालायचं. मी तिथं दगडी चाकावर भिंगांच्या कडा घासायची. चाकावर सतत पाणी सोडलेलं. सकाळी बसलं की संध्याकाळपर्यंत हात पाण्यात. बोटांची टोकं फुटायची, त्यात काचेची पूड जायची, आणि रात्री भाकरीचं पीठ मळताना मीठ हाताला लागलं की डोळ्यांत पाणी यायचं.

खोलीत पाठ टेकायला मिळेल अशी एकच खुर्ची होती. इसाकचाचांची. चाचा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायचे, कुठली काच घ्यायची, तिला कुठला बाक द्यायचा हे ठरवायचे, आणि आम्ही बाकीचे ते करायचो. त्या खुर्चीत बसणाऱ्याचे हात कोरडे असत. माझं सगळं भांडण त्या कोरड्या हातांसाठी होतं. बाकी मानबिन लोक म्हणतात तसलं काही नाही.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते जाणार होते. मालकांनी मला दिवाळीत शब्द दिला होता, "चाचा उठले की तू."

अडचण एकच होती. गावातले सगळे डॉक्टर नंबर एका पद्धतीनं लिहायचे आणि एक म्हातारे डॉक्टर उलट्या पद्धतीनं. त्यांच्या चिठ्ठीला आम्ही उलटी चिठ्ठी म्हणायचो. चिठ्ठीवर तीन आकडे असतात. पहिला नंबर, दुसरा सिलेंडर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा जादा नंबर, तिसरा त्या दिशेचा कोन. सगळे डॉक्टर सिलेंडर मायनसमध्ये लिहीत, म्हातारे प्लसमध्ये. आमच्या साच्यांना मायनसच चालायचं. म्हणून उलटी चिठ्ठी सुलटी करावी लागे. पहिले दोन आकडे मिळवायचे, तो झाला नवा नंबर. सिलेंडरचं चिन्ह उलटं करायचं. कोन नव्वदनं फिरवायचा. चिन्ह उलटं करणं मला जमायचं, कोन फिरवणंही जमायचं. मिळवणं जमायचं नाही. एक मायनस आणि एक प्लस समोर आले की माझ्या डोक्यात चाकावरचा गाळ साठायचा.

सातवीत त्या धड्याच्या पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर एक लांब रेघ काढली होती. मधे शून्य. उजवीकडं एक, दोन, तीन. डावीकडं काय असतं ते उद्या सांगतो म्हणाले. त्याच रात्री आईच्या तोंडातून रक्त आलं आणि सकाळी माझं दप्तर माळ्यावर गेलं. शून्याच्या डावीकडचं मला कुणी सांगितलंच नाही. दोन वर्षांनी आई गेली. शरयू तेव्हा पाचवीत होती. मी भाकऱ्या थापायची आणि ती चुलीपाशी बसून पाढे म्हणायची. शेजारीण म्हणायची, "गोदा, तुझ्यामुळं शिकतीय गं पोरगी." हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला बरं वाटायचं नाही. तिची वही बघितली की ती चुलीत घालावी असं वाटायचं. घातली नाही एवढंच.

तर शरयू यायला लागली. चाचांनी तिला पहिल्या दिवशी भिंगं नंबरवार लावायला दिली. दुपारी बघते तर तिनं सगळा क्रम उलटा लावलेला.

"हे काय केलंस?"

"चढत्या क्रमानं लावलीत. मायनस सहा सगळ्यात लहान. मग मायनस चार, मग मायनस दोन."

"मायनस सहा लहान?" मी ते भिंग उचललं. "ही कड बघ. खापरीसारखी जाड. हे लहान होय? ज्या बाईच्या डोळ्यावर हे चढतं तिला जाऊन सांग की बाई तुझा नंबर लहान आहे. चपलेनं मारेल."

"ताई, आकडा लहान म्हणतीय मी. भिंग नव्हे."

"आकडा काय हवेत लटकतोय?"

"रेघेवर असतो. शून्याच्या डावीकडं जितकं लांब जाशील तितकं लहान."

रेघ. तिला ती रेघ पूर्ण मिळाली होती.

चाचा हसायला लागले. "दोघी बी बरोबर हायत. घासायला बसली की सहा मोठा, मांडायला बसली की सहा लहान. आता गप बसा, नाहीतर दोघींना शून्य नंबरचा चष्मा लावून घरी पाठवतो."

सगळे हसले. शरयूही हसली. मी नाही. मला वाटून घेतलेलं बरोबर नको होतं. मला पूर्ण पाहिजे होतं, आणि ती पूर्ण चूक असायला पाहिजे होती.

आठवडा झाला नाही तर मालक तिला उलट्या चिठ्ठ्या द्यायला लागले. ती उभ्या उभ्या सांगायची. बोटांवर मोजायची नाही, ओठ हलवायची नाही. चाचा नुसती मान डोलवायचे. मी चाकावर वाकून सगळं ऐकायची. चाकाचा आवाज मोठा होता, पण जे ऐकायचं नसतं ते बरोबर ऐकू येतं.

मग एक दिवस मालकांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं.

"चाचा शुक्रवारी जातायत. शनिवारी दोघींना उलटी चिठ्ठी देतो. दोघींना एकच. जिचं बरोबर येईल तिची खुर्ची. दोघींचं आलं तर गोदाची, ती जुनी आहे."

"मालक, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता की. पण नंबर चुकला तर गिऱ्हाईक काय माझा शब्द डोळ्यावर घालून फिरणार?"

माणूस खरं बोलत होता आणि तरी हलकट होता. दोन्ही एकाच वेळी असता येतं.

घरी आल्यावर शरयूनं पीठ मळायला घेतलं. हल्ली ती माझ्या हातातून परात ओढून घ्यायची. मला तेही आवडत नव्हतं.

"ताई, मी शिकवू तुला? फार सोपं आहे."

"सोपं आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"तसं नव्हे गं."

"तू शिकवणार, मी पास होणार, आणि मग जन्मभर ऐकायचं, गोदाला शरयूनं शिकवलं."

"मी कुणाला सांगणार नाही."

"मग तर आणखी वाईट. मग ते फक्त तुला आणि मला ठाऊक."

ती मळत राहिली. मी विचारलं, "तुला पाहिजे का ती खुर्ची? खरं सांग."

तिनं पुढच्या खोलीकडं बघितलं. अण्णा तिथं शर्टाला बटण लावत बसले होते. हल्ली ते फार बोलत नव्हते. गोकाकच्या आत्याला अर्धांगाचा झटका आला होता, तिला पाणी पाजायलाही कुणी नव्हतं, आणि अण्णा सुटी मिळेल तेव्हा तिकडं धावत होते.

"मला काय पाहिजे ते कोण विचारतंय," शरयू म्हणाली.

"मी विचारतीय."

"मग नको. मला नको ती खुर्ची. झालं?"

मला माझ्या जन्मात कुठल्या गोष्टीचा इतका राग आला नव्हता. ज्यासाठी माझी बोटं फुटली ते तिला हात लांब केला की मिळत होतं आणि तिला ते नको होतं! मी भाकरी तव्यावर आपटली. ती फाटली. तीच मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले तेव्हा मी चाचांची पेटी उघडली. त्या पेटीत माहीत असलेल्या नंबरांची भिंगं असतात, खाचांमध्ये उभी, एका बाजूला मायनस, एका बाजूला प्लस. एखाद्या जुन्या चष्म्याचा नंबर काढायचा असला तर आम्ही काय करायचो, भिंतीवर एक फुली काढलेली होती, तिच्याकडं त्या भिंगातून बघायचं आणि भिंग हळूहळू उजवीकडं सरकवायचं. मायनसचं भिंग असेल तर फुलीही उजवीकडं पळते, हाताबरोबर. प्लसचं असेल तर उलट, डावीकडं पळते. मग त्याला एक एक भिंग जोडून बघायचं. ज्या भिंगानं फुली जागच्या जागी थांबते, त्याच्या उलटा आपल्या भिंगाचा नंबर. हे मला झोपेत यायचं. हे मी पोटासाठी शिकले होते, गणित म्हणून नव्हे.

त्या दुपारी मी पहिल्यांदा उलटा विचार केला. मायनस तीन घेतलं. त्याच्यावर प्लस एक ठेवलं. दोन्ही चिमटीत धरून फुलीकडं बघितलं आणि सरकवलं. फुली हाताबरोबर पळाली. म्हणजे अजून मायनसच. पण आधीपेक्षा हळू. मग त्यावर प्लस दोन ठेवलं. फुली थांबली.

थांबली म्हणजे मेल्यासारखी थांबली. मी भिंगं हलवतीय, फुली हलत नाही.

म्हणजे ते दोघं मिळून मायनस दोन होते. शरयूनं दारातून सांगितलेलं मायनस दोन. चार नव्हे. चार कसे होतील? प्लस एक त्याला मदत करत नव्हता, अडवत होता. तीन एकीकडं ओढतायत, एक दुसरीकडं ओढतोय. रस्सीखेच. कोण जिंकलं? तीन. कितीनं? दोननं. आणि जो जिंकला त्याचं चिन्ह. एवढंच होतं ते! एवढ्यासाठी माझं दप्तर माळ्यावर कुजलं.

मी दुसरी जोडी घेतली. मायनस एक, प्लस चार. फुली उलटी पळाली. प्लस जिंकला, तीननं. वर मायनस तीन ठेवलं, थांबली. मग मायनसवर मायनस ठेवलं. दोन आणि दोन. तिथं ओढाओढ नव्हती, दोघं एकाच बाजूला. चार. तिथं माझं जुनं गणित बरोबर होतं. मी भिंगं ठेवत गेले, काढत गेले. माझी फुटकी बोटं काचेवर ठसे उमटवत होती आणि मी ते पदरानं पुसत होते.

"पेटी कुणाला विचारून उघडली?" मागून चाचा.

मी दचकले. "चाचा, फुली थांबते."

"थांबणारच की."

"नाही, म्हणजे मला कळलं. का थांबते ते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या दिशेला बघितलं. त्यांना मी धुकट दिसत असणार. "मग झाकण नीट लाव," म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. शाबासकीबिबासकी नाही. मला त्यांचा तो स्वभाव आवडायचा.

शुक्रवारपर्यंत मी रोज दुपारी उपाशी राहिले. शेवटी भिंगं लागेनाशी झाली. डोळे मिटले तरी फुली पळताना दिसायची, कुठल्या बाजूला, किती जोरात. शरयूला मी यातलं काही सांगितलं नाही. शनिवारी तिचं तोंड कसं पडेल ते मनात रोज बघत होते. खोटं कशाला सांगू, खुर्चीपेक्षा मला त्याचीच जास्त ओढ लागली होती. दोघींचं बरोबर आलं तर खुर्ची मला, आणि तिला कळणार की मला तुझ्याशिवाय आलं.

शनिवारी चाचा मुद्दाम आले, जुना कोट घालून. मालकांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"नंबर मायनस दीड. सिलेंडर प्लस अडीच. कोन नव्वद. घ्या, लिहा."

मी डोळे मिटले. दीड इकडं ओढतोय, अडीच तिकडं ओढतोय. अडीच जिंकला. एकनं. नवा नंबर प्लस एक. मायनसमधनं निघून शून्य ओलांडून पलीकडं. सिलेंडर मायनस अडीच. कोन एकशे ऐंशी. मी कागदावर लिहिलं आणि डोळे उघडले. शरयूचं कधीच लिहून झालं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मालकांनी दोन्ही कागद वाचले. पुन्हा वाचले. मग चाचांना म्हणाले, "बरोबर काय?"

"प्लस एक. मायनस अडीच. एकशे ऐंशी."

"गोदाचं बरोबर आहे." मालकांच्या आवाजात थोडी निराशाच होती. "शरयूनं मायनस एक लिहिलंय."

खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. चाचा खोकले, पण तो खोकला वेगळा होता. मी शरयूकडं बघितलं. ती अजून खिडकीबाहेर बघत होती.

मायनस एक? शरयू? जी पाठ फिरवून, डबा हातात घेऊन, न बघता सांगायची ती?

मला एका क्षणात कळलं. मी आठवडाभर उपाशी राहून जे मिळवलं ते हिनं मला भीक म्हणून वाढलं होतं. आता मी किती बरोबर लिहिलं याला काही अर्थच उरला नव्हता. मी जिंकले नव्हते. ती हरली होती, आणि तेही तिच्या मर्जीनं.

"मालक," मी म्हटलं, "हिनं मुद्दाम चुकवलंय."

"काय?"

"हिला येतं. हिनं मुद्दाम चुकीचं लिहिलंय. दुसरी चिठ्ठी द्या."

"अगं येडी काय तू?" मालक हसले. "तुझं बरोबर आलंय. गप जाऊन खुर्चीत बस."

"नाही बसत. दुसरी द्या."

"ताई, गप की," शरयू हळूच म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू गप. मला तुझं काही नको. आणि आता जर पुन्हा चुकवलंस तर आईची शपथ आहे तुला."

आईची शपथ आमच्या घरात कुणी घालत नसे. शरयूनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला भर रस्त्यात थोबाडीत मारली होती.

मालकांना मजा वाटायला लागली होती. त्यांनी गठ्ठ्यातून एक चिठ्ठी ओढली. "मायनस सव्वाचार. प्लस पावणेचार. कोन एकशे ऐंशी."

"मायनस अर्धा," शरयू म्हणाली. मालकांचं वाक्य संपायच्या आत. "सिलेंडर मायनस पावणेचार. कोन नव्वद."

मी अजून रस्सी ओढत होते. सव्वाचार आणि पावणेचार, मायनस जिंकला, कितीनं... अर्ध्यानं. माझंही तेच आलं. पण तिचं बोलून झालं होतं आणि चाचांनी मान हलवलीसुद्धा होती.

मालकांनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. जुनी कोण, शब्द कुणाला दिला, हे त्यांच्या तोंडावरून पुसलं जाताना मला दिसलं.

"मग खुर्ची हिचीच," ते म्हणाले. "तूच सिद्ध केलंस, गोदा. आता माझ्यावर रुसू नको."

मी चाकावर जाऊन बसले आणि पाणी सोडलं.

संध्याकाळी आम्ही दोघी एकाच रस्त्यानं घरी गेलो, पण ती पुढं आणि मी मागं. अण्णा दारातच उभे होते. नेहमी ते या वेळी ड्यूटीवर असायचे.

"कुणाला मिळाली?"

"हिला," मी म्हटलं.

अण्णा उंबऱ्यावर बसले. दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "सुटलीस पोरी," ते शरयूला म्हणाले. "मी गोकाकला तुला घेऊन येतो म्हणून सांगून बसलो होतो. आता तुझं काम लागलं म्हणून सांगतो. त्यांना दुसरं कुणी बघू दे."

मला काही कळेना. "हिला गोकाकला कशाला?"

"आत्याचं करायला. कायमचं. घरात बसलेली हीच होती. तुला नव्हतं सांगितलं, तू भांडली असतीस." अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. "मी म्हटलं होतं, खुर्ची मिळाली तर राहा, नाही मिळाली तर जायचं."

मी शरयूला दंडाला धरून परसात ओढत नेलं.

"तुला हे ठाऊक होतं?"

"हो."

"ठाऊक असून चुकवलंस?"

"तुझे हात बघवत नाहीत मला," ती म्हणाली. आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडायला लागली. "तू मला वाचवलंस, ताई. तुला कसं कळलं गं?"

मला काही कळलेलं नव्हतं. मी तसं म्हणालेसुद्धा. "मला काही ठाऊक नव्हतं, शरयू. मला तुझा राग आला होता." तिनं ऐकलं नाही. ती रडत होती आणि माझी पाठ थोपटत होती, जणू मीच रडत होते.

पुढचं थोडक्यात. मी वर्कशॉपात फार टिकले नाही. खुर्चीतून ती म्हणायची, "ताई, हे जरा बारीक घेशील?" अगदी अदबीनं म्हणायची. त्या "जरा"नं माझं रक्त उकळायचं. एक दिवस मी चाक बंद केलं, हात पुसले आणि अण्णांना सांगितलं, "आत्याकडं मी जाते." आत्या जगली तोवर मी गोकाकलाच होते. तिच्या उशाशी बसून रद्दीतले कागद वाचायला लागले आणि पुढं लिहायलाही. हात कोरडे झाले एवढं खरं.

घरात तेव्हापासून गोष्ट ठरून गेली. थोरलीनं धाकटीसाठी आधी खुर्ची सोडली, मग गाव सोडलं. अण्णा हे सांगत सांगत गेले. शेजारपाजारचे मला बघून पोरींना सांगायचे, बहीण असावी तर अशी. मी दर वेळी म्हणत आले की असं काही नव्हतं. मी जळत होते. तिच्या हातून काही घ्यायचं नव्हतं म्हणून तोंड उघडलं, आणि तिच्या हाताखाली राबायचं नव्हतं म्हणून गाव सोडलं. लोक ऐकतात, हसतात आणि म्हणतात, मोठी माणसं अशीच बोलतात.

मध्यंतरी मी सांगलीला तिच्या दुकानात गेले होते. आता तिचं स्वतःचं दुकान आहे, काचेचं, दिव्यांचं, हाताखाली चार पोरी. मी दारात दिसले तशी ती गिऱ्हाईक सोडून आली, माझा हात धरला आणि पोरींना म्हणाली, "या गं इकडं. ही माझी ताई. हिनं माझ्यासाठी..."

"खोटं सांगू नको," मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं. "मी तुझ्यावर जळत होते. अजून जळते. हे दुकान बघून आत्तासुद्धा माझ्या पोटात आग पडलीय."

शरयू हसली. डोळ्यांत पाणी आणून हसली आणि माझा हात आणखी घट्ट धरून त्यांना म्हणाली, "बघितलंत? अशी आहे माझी ताई. कधी कबूल करायची नाही."

वही तिला मिळाली, रेघ मिळाली, खुर्ची मिळाली. तिच्यावरचा राग तेवढा माझा स्वतःचा होता. तोही तिनं प्रेम म्हणून आपल्या नावावर जमा करून टाकला.